मुद्दे काढतं कोण?

रागावलेला माणूस जितका बारीक विचार करतो तितका शांत माणूस करत नाही, हे मला वकिलीने शिकवलं. सावंतवाडीच्या दिवाणी कोर्टात माझं बरंचसं आयुष्य गेलं. भावाशी बिनसलेला पक्षकार पहिल्यांदा ऑफिसात येतो तेव्हा त्याच्या पिशवीत आजोबांच्या वेळच्या साऱ्याच्या पावत्या असतात, सातबाऱ्याचे उतारे असतात, फेरफाराच्या नकला असतात, आणि कधीकाळी कुणीतरी लिहून दिलेला, घड्यांवर फाटलेला एखादा कागद प्लॅस्टिकमध्ये जपून ठेवलेला असतो. गट नंबर, हिस्सा, चतुःसीमा, सगळं तोंडपाठ. हाच माणूस भावाशी गोडीगुलाबीने राहत होता तेव्हा त्याला कुणी गट नंबर विचारला असता तर त्याने डोकं खाजवलं असतं. भावना चढली की बुद्धी गहाण पडते, असं आपण सर्रास म्हणतो. मी पाहिलेल्या माणसांची बुद्धी गहाण पडलेली नव्हती. ती रात्रीचा दिवस करत होती.

घरात आणि राजकारणात भावना तर्कावर मात कशी करते, या विषयावरचे हे लेख. मात होताना दिसेल म्हणून मी जिथे जिथे पाहायला गेलो तिथे तर्क मला धडधाकट सापडला. पुरावे गोळा करत होता, विसंगती पकडत होता, समोरच्याला निरुत्तर करत होता. फक्त ज्या प्रश्नाचं उत्तर तो शोधत होता तो प्रश्न वर वर दिसणारा नव्हता.

दिवाणी दाव्यात एक टप्पा असतो, ज्याकडे बाहेरच्या माणसाचं सहसा लक्ष जात नाही. वादी आपला अर्ज देतो, प्रतिवादी कैफियत देतो, आणि त्यानंतर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या चौदाव्या आदेशाप्रमाणे न्यायाधीश मुद्दे काढतात. वादीने अमुक गोष्ट शाबीत केली आहे काय? प्रतिवादीचं अतिक्रमण आहे काय? असे चार-सहा प्रश्न. पुढचा सगळा पुरावा, साक्षी, उलटतपास, युक्तिवाद या प्रश्नांभोवती फिरतो. नवशिके वकील युक्तिवादाची तयारी करतात. मुरलेले वकील मुद्दे निघतात त्या दिवशी कोर्टात हजर राहतात. मुद्दा एकदा आपल्या सोयीचा निघाला की पुढे समोरचा कितीही हुशार असो, तो आपल्याच अंगणात खेळतो. डोक्यातही असाच एक कारभार चालतो असं मला वाटत आलं आहे. तिथे मुद्दे भावना काढते, आणि ते काढून झाल्यावर तर्काला आत बोलावते. तर्क बिचारा इमानदारीने निकाल देतो. तो निकाल बाहेरच्याला चक्रम वाटतो, कारण बाहेरच्याने मुद्दे वाचलेले नसतात.

एक दावा सांगतो, ओळख पटणार नाही इतपत फिरवून. दोन भाऊ, एक गावात, एक मुंबईला. दोघांच्या हिश्श्यांमध्ये जांभ्या चिऱ्यांचा गडगा. धाकट्याचं म्हणणं, थोरल्याने गडगा नव्याने रचताना हातभर आत सरकवला. सरकारी मोजणी झाली, खुणा रोवल्या गेल्या, आणि सरकलेली जागा खरोखरच हातभर निघाली. लांबी धरून हिशेब केला तर त्या जागेत दोन काजूची कलमं नीट बसली नसती. धाकटा माझा पक्षकार. मी त्याच्यासमोर कागद घेतला. मुंबईहून यायचं-जायचं भाडं, बुडालेली रजा, कोर्ट फी, मोजणीची फी, माझी फी, अपील झालं तर तिथल्या वकिलाची फी. दुसऱ्या बाजूला जागेची बाजारभावाने किंमत. बेरजेच्या खाली दोन रेघा मारल्या आणि कागद त्याच्याकडे सरकवला. त्याने चष्मा लावून प्रत्येक आकडा तपासला, मी धरलेलं एसटीचं भाडं जुनं आहे हेही दाखवून दिलं, आणि म्हणाला, "वकीलसाहेब, हिशोब बरोबर आसा. पण तारीख कदीची?"

हा माणूस पेढीवर हिशेबनीस होता. आकडे त्याला माझ्यापेक्षा चांगले कळत होते. पुढे उलटतपासात थोरल्याच्या तोंडून एक वाक्य निसटलं आणि प्रकरण उलगडलं. त्यांच्याकडे गणपती एकच, मूळ घरात. एका चतुर्थीला मुंबईची गाडी रखडली, धाकटा बायकामुलांना घेऊन दुपारी उशिरा पोचला, तोवर आरती होऊन पानंही वाढली गेली होती. थोरल्याचं म्हणणं, भटजींना पुढची घरं होती, किती थांबायचं? धाकट्याने त्या दिवशी काही म्हटलं नाही. दुसऱ्या वर्षी त्याने गणपती वेगळा केला. कोकणातल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. बाहेरच्यांसाठी एवढंच की जमिनीची वाटणी होऊनही घरं एकत्र राहतात, गणपती वेगळा झाला की ती फाटतात. गडगा सरकला तो त्याच्या नंतरच्या उन्हाळ्यात. म्हणजे कोर्टाने काढलेला मुद्दा होता, "प्रतिवादीने अतिक्रमण केलं आहे काय?" आणि धाकट्याच्या मनातला मुद्दा होता, "या घरात माझ्यासाठी कुणी थांबतं काय?" दुसऱ्या प्रश्नापुढे एसटीचं भाडं काय चीज आहे?

दावा अखेर तडजोडीत निघाला. तडजोडीची पुरसीस, म्हणजे कोर्टात द्यायचं लेखी निवेदन, मी लिहिली. गडगा आहे तिथेच राहिला. आरतीचा उल्लेख पुरसिशीत येऊ शकला नाही, कारण त्याबद्दल वाद असल्याचं कुठल्याच कागदावर नव्हतं.

आता कुणी म्हणेल, ही खेड्यातली भाऊबंदकी. शिकलेली, आकडेमोड जाणणारी माणसं असं वागत नाहीत. या समजुतीला सगळ्यांत चांगला धक्का अमेरिकेतल्या एका प्रयोगाने दिला आहे. येल विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक डॅन कहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली १,१११ अमेरिकन लोकांना एक छोटा तक्ता दिला. त्वचेच्या पुरळावर एक नवं मलम आलं आहे. लावणाऱ्यांपैकी २२३ जणांचं पुरळ कमी झालं, ७५ जणांचं वाढलं. न लावणाऱ्यांपैकी १०७ जणांचं कमी झालं, २१ जणांचं वाढलं. मलमाचा उपयोग होतो का? घाईत पाहणारा २२३ हा मोठा आकडा पाहून हो म्हणतो. नीट प्रमाण काढणाऱ्याला दिसतं की मलम लावणाऱ्यांत बरे झालेले आणि बिघडलेले यांचं प्रमाण सुमारे तीनास एक आहे आणि न लावणाऱ्यांत पाचास एक; म्हणजे मलमाने नुकसानच होतंय. ज्यांचं गणित चांगलं होतं त्यांनी हे बरोबर ओळखलं. इथवर सगळं अपेक्षेप्रमाणे.

मग हेच आकडे दुसऱ्या गटाला दिले, फक्त मलमाच्या जागी बंदुका आल्या. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल जवळ बाळगायला शहरांनी बंदी घातली, तर गुन्हे वाढले की कमी झाले? आता खरं तर गणित चांगलं असणाऱ्या दोन्ही राजकीय पक्षांच्या लोकांचं उत्तर एक यायला हवं होतं. आलं उलटं. आकडे आपल्या पक्षाच्या मताला सोयीचे असतील तेव्हा गणितात तरबेज असलेले लोक प्रमाण काढून बरोबर उत्तर देत. गैरसोयीचे असतील तेव्हा बऱ्याच जणांना पहिल्या नजरेचं चुकीचं उत्तरच पुरेसं वाटे. परिणामी दोन पक्षांमधलं अंतर गणितात कच्च्या लोकांपेक्षा पक्क्या लोकांमध्ये जास्त निघालं. माझ्या हिशेबनिसाची गोष्ट आणि ही गोष्ट एकच आहे. तक्त्याखाली प्रश्न छापलेला होता गुन्ह्यांचा. ज्याच्या-त्याच्या डोक्यात निघालेला मुद्दा होता, "आपली माणसं बरोबर आहेत ना?" आणि या मुद्द्यावर पुरावा शोधायला हुशार माणूस केव्हाही जास्त लायक.

या पुस्तकातल्या एका लेखाने माझा सर्वांत जास्त वेळ खाल्ला. तो गोव्याच्या जनमत कौलाचा. सावंतवाडीकराला गोवा परका नाही. पेडण्याला आणि डिचोलीला आमच्या निम्म्या घरांच्या सोयरिकी आहेत, आणि कौलाच्या काळातली भांडणं मी लहानपणी ओसरीवर ऐकली आहेत. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६३ अखेरच्या पहिल्या निवडणुकीत दयानंद बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला. पक्षाचं नावच त्याचा कार्यक्रम सांगत होतं: महाराष्ट्रात विलीनीकरण. विरोधात जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोअन्स पक्ष. शेवटी केंद्राने लोकांनाच विचारायचं ठरवलं. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून डिसेंबर १९६६ मध्ये बांदोडकरांचं मंत्रिमंडळ पायउतार झालं आणि १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झालं. विलीनीकरणाला फूल, वेगळं राहण्याला दोन पानं.

त्या प्रचारातले युक्तिवाद आज एकत्र वाचले तर दोन्हीकडे वकिलांची फौज बसली होती असं वाटतं. विलीनीकरणवादी म्हणत, एवढासा प्रदेश स्वतःच्या पायावर उभा कसा राहणार? शाळा मराठी, वर्तमानपत्रं मराठी, कीर्तन-नाटक मराठी, सोयरिकी महाराष्ट्रात. विरोधक म्हणत, नोकऱ्या बाहेरचे घेतील, मुंबईच्या सचिवालयात गोव्याच्या फायलीवर धूळ बसेल, महाराष्ट्रातली दारूबंदी इथे आली की माडावर चढणाऱ्या रेंदेराने काय खायचं? कोकणी ही बोली की भाषा यावर तर इतकं लिहिलं गेलं की भाषाशास्त्राचा अभ्यासक्रम व्हावा. यात गंमत अशी की विलीनीकरणाविरुद्ध सर्वांत धारदार लेखन ज्या दैनिकात येत होतं ते 'राष्ट्रमत' मराठी होतं. उदय भेंब्र्यांचं 'ब्रह्मास्त्र' हे सदर लोक त्यात वाचत, मराठीत, आणि मराठी राज्यात जायचं नाही असं ठरवत. उल्हास बुयांवची कोकणी गाणी गावोगाव पोचत होती ती वेगळीच.

निकाल लागला. दोन पानांना १,७२,१९१ मतं, फुलाला १,३८,१७०. गोवा महाराष्ट्रात जाणार नाही हे ठरलं. ज्या पक्षाचा जन्म विलीनीकरणासाठी झाला त्याचं आता काय उरलं, असं कुणालाही वाटावं. मग अवघ्या दोन महिन्यांत विधानसभेची निवडणूक झाली आणि लोकांनी बांदोडकरांच्याच पक्षाला पुन्हा निवडून दिलं. बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री. १९७३ मध्ये त्यांचं निधन झाल्यावर त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या आणि १९७९ पर्यंत सत्ता त्याच पक्षाकडे राहिली. मूळ मागणी हरलेली, नावात 'महाराष्ट्रवादी' तसंच, आणि सत्ता मात्र कायम.

आमच्या ओसरीवर या निकालावर दोन मतं होती. एक, गोवेकर गाण्यांना भुलले. दोन, गोवेकरांना आपलं हित कळत नाही. दोन्ही मतं गोव्याबाहेरच्यांची होती हे सांगायला नको. पण दोन्ही मतदान शेजारी ठेवून पाहिलं की यातली विसंगती वितळते. जानेवारीत मतपत्रिकेवर प्रश्न होता विलीनीकरणाचा. मतदाराने उत्तर दिलं ते आपलं वेगळेपण राहणार की जाणार, या भीतीला. मार्चमध्ये प्रश्न होता आमदाराचा. उत्तर दिलं गेलं ते भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, दारात पिढ्यान्‌पिढ्या उभं राहिलेल्या कुळाने आणि मुंडकाराने, या गोव्यात आता वर कोण बसणार, या प्रश्नाला. बांदोडकर बहुजन समाजाचे, आणि विरोधातला पक्ष या लोकांना जमीनदारांचा वाटत होता. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला मत देणाऱ्यांपैकी काही जणांनी तरी जानेवारीत दोन पानांवर शिक्का मारला असावा, असं मला वाटतं. त्या माणसाचं डोकं दोन महिन्यांत फिरलं नव्हतं. त्याला एकदा गोवाही हवा होता आणि एकदा त्या गोव्यात मानही हवा होता. सारस्वतांपासून शेतमजुरांपर्यंत आणि सासष्टीच्या ख्रिस्ती घरांपासून फोंड्याच्या देवळांपर्यंत ही भीती नि ही आस कशी वेगवेगळी वाटली गेली होती, ते त्या लेखात सविस्तर येईल.

भावनेचं राजकारण असा शब्द आपण नेहमी दुसऱ्याच्या राजकारणाला लावतो. आपल्या बाजूला अस्मिता असते, स्वाभिमान असतो, न्यायाची चाड असते. ही सवय सोडून देणं मला स्वतःला फारसं जमलेलं नाही, पण गोव्याच्या त्या दोन तारखा शेजारी लिहून भिंतीवर लावल्या की जरा मदत होते.

कौलाच्या कथेत भावनेने कुणाचा जीव घेतला नाही की वाचवला नाही. दुसऱ्या एका प्रकरणात दोन्ही झालं, आणि ते मराठी माणसाने जास्त जवळून पाहायला हवं. बेहरामजी मलबारी या मुंबईच्या पारशी पत्रकाराने १८८४ मध्ये बालविवाह आणि सक्तीचं वैधव्य यांवर टिपणं काढली. सरकारने ती देशभर मतासाठी फिरवली. न्यायाधीश, वकील, संस्थानिक, शास्त्री, सगळ्यांची मतं आली, गठ्ठे झाले, आणि १८८६ मध्ये सरकारने ठरवलं की यात हात घालायचा नाही. तर्काचं काम संपलं. मग १८९० मध्ये कलकत्त्यात एक खटला उभा राहिला. फुलमणी दासी नावाची, वयाने अकराच्या आसपासची मुलगी नवऱ्याच्या शय्येवर रक्तस्रावाने मेली होती. नवरा, हरिमोहन मैती, पस्तिशीचा. बलात्काराचा आरोप लागूच शकत नव्हता, कारण दंडसंहितेप्रमाणे बायकोचं वय दहाच्या वर असलं की तो गुन्हा होत नसे. निष्काळजीपणे गंभीर दुखापत केल्याबद्दल त्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. गठ्ठ्यांकडून जे सहा वर्षांत झालं नाही ते या एका मुलीच्या प्रेताने काही महिन्यांत केलं. जानेवारी १८९१ मध्ये अँड्रू स्कोबल यांनी संमतिवय दहावरून बारावर नेणारं विधेयक मांडलं, १९ मार्चला ते मंजूर झालं.

इथे भावना न्यायाच्या बाजूने उभी होती हे मुद्दाम नोंदवतो, कारण या विषयावरच्या पुस्तकांत भावना बहुतेक वेळा खलनायकच असते. हजार मुलींची आकडेवारी कुणाला हलवत नाही आणि एकीचं नाव हलवतं, हा मनाचा दोष असेल. त्या दोषानेच तो कायदा आणला.

आणि मग पुण्यात उलट्या दिशेने तेच घडलं. विधेयकाविरुद्ध रान उठलं. गर्भाधान संस्कार पहिल्या ऋतुदर्शनानंतर झालाच पाहिजे, बाराच्या आत ते दर्शन झालं तर कायदा शास्त्राच्या आड येतो, असा आक्षेप. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर पुढे सरसावले. संस्कृतचा केवढा अधिकार! त्यांनी ग्रंथ काढून दाखवलं की शास्त्र असा हट्ट धरत नाही. टिळकांनी त्यांचे आधार खोडले. त्या वादातलं पांडित्य आजही वाचताना दिपायला होतं. पण शास्त्र काय म्हणतं, हा मुद्दा मान्य केला तिथेच भांडारकरांची बाजू अर्धी हरली होती. फुलमणीच्या शरीराचं काय झालं, हा मूळ प्रश्न त्या चर्चेतून कधी गळून पडला हे कुणाला कळलंही नाही. आगरकरांनी शास्त्राचा मुद्दाच मुळात नाकारला. शास्त्रात काहीही लिहिलेलं असो, मुलींचे हाल थांबवायचे की नाही एवढंच बोला, अशी त्यांची भूमिका. मुद्दे बदलू पाहणाऱ्या माणसाला लोक युक्तिवादात हरणाऱ्या माणसापेक्षा जास्त दूषणं देतात. आगरकरांची तर पुण्यात जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली.

टिळकांबद्दल मात्र घाईने निकाल देऊ नये. त्याच सुमारास, १८९० मध्ये, त्यांनी स्वतः सुधारणांचा एक मसुदा पुढे केला होता. त्यात मुलीचं लग्न सोळाच्या आत आणि मुलाचं विसाच्या आत करू नये, असं कलम होतं. ज्यांना पटेल त्यांनी सही करावी आणि त्यांना ते बंधनकारक व्हावं. म्हणजे सोळाच्या बाजूचा माणूस बाराच्या कायद्याला विरोध करत होता. वयाचा मुद्दा धरला तर हे अतर्क्य आहे. टिळकांच्या मनातला मुद्दा वेगळा होता: आमच्या घरात कायदा करायचा अधिकार परक्या सरकारला कुणी दिला? तो प्रश्न खोटा नव्हता. पुढची तीस वर्षं त्यांनी तोच विचारला, आणि देशाने त्यांना लोकमान्य म्हटलं ते त्या प्रश्नासाठी. पण १८९१ मध्ये तो प्रश्न ज्या जागी विचारला गेला ती जागा एका लहान मुलीची होती. हे दोन्ही एका दमात मानणं मला जड जातं, आणि तो लेख वाचताना वाचकालाही ते जड जावं अशी माझी इच्छा आहे.

मानसशास्त्रातले संदर्भ मी बेताने वापरले आहेत, कारण त्या शास्त्रातले गाजलेले प्रयोगही दर दहा वर्षांनी पुन्हा तपासले जातात आणि काही टिकत नाहीत. एका रुग्णाचा उल्लेख मात्र टाळवत नाही. मेंदूतज्ज्ञ अंतोनियो दमासिओ यांनी १९९४ साली लिहिलेल्या पुस्तकात तो येतो. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेला, बुद्धी शाबूत, भावना मात्र विझल्यासारख्या. डॉक्टरांनी त्याला पुढच्या भेटीसाठी दोन तारखा सुचवल्या, कुठलीही एक निवड. तो जवळजवळ अर्धा तास दोन्ही तारखांचे गुणदोष मांडत राहिला: आधीची कामं, नंतरची कामं, हवामान कसं असेल, काय काय. शेवटी डॉक्टरांनीच सांगितलं, दुसऱ्या तारखेला या. तो "बरं" म्हणाला आणि वही मिटून निघून गेला. तारखांवर पोट भरणाऱ्या मला ही गोष्ट विसरता येत नाही. ज्याच्या डोक्यात मुद्दे काढणारं कुणी उरलेलं नाही, त्याचा तर्क असा वर्षानुवर्षं युक्तिवाद करत बसेल. तेव्हा भावना काढून टाका, शुद्ध विचार करा, हा सल्ला या पुस्तकात कुठे सापडणार नाही. ज्यांना तो हवा असेल त्यांच्यासाठी दुसरी बरीच पुस्तकं बाजारात आहेत, आणि त्यांची मुखपृष्ठं जास्त चकचकीत आहेत.

काही विषय मी मुद्दाम छोटे ठेवले. २१ सप्टेंबर १९९५ रोजी देशभर गणपती दूध प्यायला, त्यावर दोन पानंच आहेत. दगडाच्या पृष्ठभागावरून दुधाची धार कशी ओढली जाते, पृष्ठताण म्हणजे काय, हे वैज्ञानिकांनी त्याच दिवशी सांगितलं होतं आणि अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी चमचे घेऊन करूनही दाखवलं. रांगेतल्या माणसांना ते ऐकायचं नव्हतं, कारण रांगेचा मुद्दा दगड पितो का हा नव्हताच. सगळा देश एका वेळी एक गोष्ट करतोय आणि मी त्यात आहे, एवढा तो मुद्दा. क्रिकेट आणि सिनेनटांचे भक्त हा विषय तर पूर्णच गाळला. त्यात भावना भरपूर असली तरी तर्काला कुणी साक्षीला बोलावत नाही, त्यामुळे माझ्या कामाचं तिथे काही मिळालं नाही. लग्नखर्चावरचा लेख घरच्यांच्या आग्रहाखातर घातला आहे; त्यातली मानपानाची यादी माझ्या पत्नीने तपासून दिली.

लेखांचा क्रम सालवार नाही. घरातली प्रकरणं आधी, गावकीची मग, राजकारण शेवटी, असा ठेवला आहे. ज्यांना थेट राजकारणच वाचायचं असेल त्यांनी गडग्याच्या दाव्याचा लेख तेवढा आधी वाचावा. गोव्याच्या मतदाराबद्दल मी पुढे जे म्हटलं आहे ते त्या हिशेबनिसामुळे मला कळलं.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नावर लेख का नाही, असं हस्तलिखित वाचणाऱ्या प्रत्येकाने विचारलं. १९५६ ची राज्यपुनर्रचना, महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल, खेड्याखेड्यांतली भाषिक टक्केवारी, सगळी टाचणं माझ्याकडे आहेत. पण माझं आजोळ खानापूर तालुक्यातलं. मामाच्या घराच्या भिंतीवर संयुक्त महाराष्ट्राची घोषणा चुन्याने लिहिलेली होती आणि दर दिवाळीला तिच्यावर नवा हात मारला जाई. लेख लिहायला बसलो तेव्हा प्रत्येक टाचण बरोबर जागी जाऊन बसू लागलं, एकही आकडा आडवा आला नाही, कानडी बाजूचा प्रत्येक युक्तिवाद मला पहिल्याच वाचनात पोकळ दिसला. इतकं सुरळीत चाललेलं पाहून मी लेख बाजूला ठेवला. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला त्यासंबंधीचा दावा हे लिहीत असताना प्रलंबित आहे.